पावसाळ्यात घरच्या घरी खत करताना

ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं ते कुंड्यांसाठी नव्हे, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या झूम या कचरा प्रकल्पावरचे ढीग बघून. भाजीची देठं, चहाचा चोथा अशा ढिगाखाली दबला की हवेवाचून कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमान वाढवतो.

जुन्या पिंपाला चारी अंगांनी भोकं पाडून घेतली, पिंप विटांवर ठेवलं. तळाला नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, मग ओला कचरा, शिंपडायला आंबट ताक, पुन्हा पाला. कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, पाल्यात कर्ब (कार्बन). नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असला की जिवाणू जोमानं कामाला लागतात. वजनकाट्याची गरज नाही. एक डबा ओला कचरा, दोन डबे पाला, एवढं मला पुरलं. मटणाची हाडं आणि रश्श्याचं तेल मात्र त्यात घालत नाही.

खरी कसोटी आषाढात. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की उघडीप नाही, सुका पाला मिळेना. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पोरी, पिंप वास मारायलंय गं." त्यांचं बरोबर होतं. उग्र, आंबूस वास म्हणजे आत पाणी साठून हवा कोंडली. मग मिथेन आपल्या दारातच तयार होतो. शिवाय खत नीट होत नसलं की थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे कचरा नुसता पिंपात टाकला म्हणून पर्यावरणाचं भलं होत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

गावाकडून उसाच्या पाचटाचं पोतं मागवलं. शिवारात हेच पाचट पेटवून देतात, जीव तुटतो बघून. कोयत्यानं बारीक तोडून ते पिंपात मिसळलं, सगळं खालीवर केलं, वर पत्रा टाकला. मग रोज मूठभर काढून दाबून बघायचे. आधी पाण्याची धार लागायची. पुढं बोटांत जेमतेम ओल राहायला लागली. आतला माल हाताला गरम लागला, वास गेला.

आता घंटागाडीत आमचा फक्त सुका कचरा जातो. नवरात्रातला झेंडूही पंचगंगेत न जाता पिंपात येतो. पानगळीत पाल्याची पोती भरून जिन्याखाली कोरडी ठेवते, पावसाळ्याची बेगमी म्हणून. काकींच्या अंगणातला पालाही त्यात असतो. पूर्वी त्या तो पेटवायच्या.