तोड की रं, देव्हाऱ्यात ठेवायचाय व्हय?

परवा सकाळी परड्यात गेलो तर मांडवाच्या कोपऱ्यात, पानाआड, हातभर लांब दोडका. मला आधी दिसलाच नव्हता असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. दिसला होता. तेव्हा वीतभर होता, शिरा कोवळ्या, टोकाला वाळलेलं फूल अजून चिकटलेलं. म्हटलं, काय झ्याक दिसतोय, राहू दे अजून एक दिवस. मग पावसानं दोन दिवस घराबाहेर पडू दिलं नाही, तिसऱ्या दिवशी कामाचा घोळ, आणि आता हे लाकूड.

आईला हाताला धरून दाखवायला नेलं. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं. "आता तोडू नगंस. बियाला राहू दे," म्हणाली, आणि जाता जाता, "येळंला तोडला असतास तर आज ताटात असता."

आई आता ब्याऐंशीची आहे. राधानगरी तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आली, तेव्हापासून हे परडं तिचं. १२ बाय २२ फूट, मागं शेवगा, एका बाजूला कढीपत्ता, मध्ये चार वाफे. दहा वर्षांपूर्वी तिचे गुडघे बोलायला लागले आणि परडं माझ्याकडं आलं. माझा धंदा उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करायचा. फौंड्रीत जे ओतायचं त्याचा आधी लाकडात नमुना लागतो, तो आम्ही करतो. म्हणजे माप, धार, वेळ यात हयात गेलेली. पण परड्यात गेलो की माझा हात अडतो. लावायला नाही, तोडायला.

मोबाईलवर बागेचे व्हिडिओ बघतो मी. माती कशी करायची, बी कसं टोकायचं, मांडव कसा बांधायचा, सगळं दाखवतात. तोडायचं कधी, हे कुणी सांगत नाही. शेवटी टोपली भरलेली दाखवतात आणि वर गाणं लावतात, संपलं. माझ्या मते निम्मी बाग तोडण्यातच आहे. भेंडीचंच बघा. एक दिवसाआड तोडली तर महिना-दीड महिना देत राहते. चार दिवस विसरला तर शेंगा जून होतात, आणि झाडाचं काम काय, बी धरायचं. ते झालं की नवीन फूल धरायला ते कुचराई करतं. आई भेंडीचं टोक बोटानं मोडून बघते. कट्‌ वाजलं तर पोरगी, वाकलं तर म्हातारी. आता तिला नीट दिसत नाही, तरी टोपलीतल्या भेंड्या ती आवाजावरून निवडते.

सुरुवातीची चार-पाच वर्षं मी पिकवलं बख्खळ आणि खाल्लं जून. वांगी बियाळ, गवार दोऱ्याची, मेथीला फुलं. आई खिडकीतून ओरडायची, "काय बघत उभारलाईस? तोड की रं, देव्हाऱ्यात ठेवायचाय व्हय?" बायकोची तऱ्हा निराळी. तिला फोडणी टाकल्यावर कढीपत्ता आठवतो. मग ती पळत येऊन हाताला लागतील ती पानं ओरबाडून नेते. आईला ते खपत नाही. कढीपत्त्याची पानं ओरबाडायची नाहीत, शेंड्याकडची काडीच मोडायची, म्हणजे तिथून दोन फुटवे येतात. हे आई सुनेला गेली तीस वर्षं सांगतेय. फोडणी जळत असते, कोण ऐकतंय.

माझा हात सुटला तो २०१९ च्या महापुरात.

बावड्यात पंचगंगेवर राजाराम बंधारा, पुराचं पाणी तिथं फुटांत मोजतात. पावसाळ्यात आमच्याकडं भेटलेला माणूस "काय, बरं हाय का" असं विचारत नाही, "किती फुटावर हाय?" असं विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या पोराठोरांना पाठ. त्या ऑगस्टात पाणी ४३ च्या वर गेलं आणि जातच राहिलं. आमची गल्ली उंचावर, पाणी दोन गल्ल्या अलीकडं थांबलं. पण महामार्ग बंद, दूध बंद, भाजी बंद. बाहेर सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. खालच्या बाजूचे पाहुणे आमच्याकडं आले, घरात एकूण अकरा माणसं. डाळ-तांदूळ होतं. हिरवं म्हणाल तर परड्यात जेवढं होतं तेवढंच.

त्या आठवड्यात अळूनं आम्हाला जगवलं म्हटलं तरी चालेल. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला तो काळ्या देठाचा अळू, पाऊस पिऊन पानं सुपाएवढी झालेली. आईनं विळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मधला कोंब सोड, बाकी सगळं काप. मी दोन पानं कापून थांबलो. "अकरा तोंडं हायती," एवढंच बोलली. मग कापला. पहिल्या दिवशी पातळ भाजी, दुसऱ्या दिवशी वड्या, तिसऱ्या दिवशी मायाळूची भाजी, चौथ्या दिवशी शेवग्याचा पाला डाळीत. पागोळ्याखाली पातेली लावून पावसाचं पाणी धरायचं, त्यात पाला धुवायचा. मी घाईत हाताला तेल न लावता अळू चिरला आणि रात्रभर मनगटापर्यंत खाजवत बसलो. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून चिंच घालून चांगला शिजवायचा. हे मला नंतर कळलं. आई नुसतं "त्येल लाव" म्हणत होती, तेव्हा कळलं नव्हतं. पाणी उतरून रस्ते सुरू झाले तोवर अळूच्या त्या बोडक्या खुंटांतून नवी पानं गुंडाळी सोडत होती. आधीच्यापेक्षा तजेलदार. तिथून पुढं मी जरा धीट झालो.

जरा म्हणतोय. पूर्ण नाही, हे दोडक्यानं दाखवलंच.

या दोडक्यावरून आमच्या घरात दर पावसाळ्यात एक तंटा असतो. आईचा नियम, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपतं. आणि दोडक्याचं फूल उमलतं नेमकं संध्याकाळी. घोसाळ्याचं सकाळी, दोडक्याचं सांजेला. पिवळीधमक फुलं, नरफुलं घोसानं, मादी फूल एकटं, देठाशी इवलासा दोडका घेऊनच आलेलं. झिमझिम पावसात किडा-माखी फिरकत नाही, मग तो इवला दोडका पिवळा पडून गळतो. म्हणून मी संध्याकाळी नरफूल तोडतो, पाकळ्या सोलतो आणि मादी फुलाला हलकेच टेकवतो. आईनं एकदा पकडलं. म्हटलं, "तोडत नाही आई, लगीन लावतोय." ती हसली, पण मान्य काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मांडवाखाली अगरबत्ती लावलेली होती.

दोडक्याची भाजी मला फारशी आवडत नाही, खरं सांगतो. मला आवडते ती शिरांची चटणी. साल आणि शिरा तव्यावर कुरकुरीत भाजायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, हिरवी मिरची, मीठ. पण त्यासाठी दोडका कोवळाच हवा. जून झाला की शिरा म्हणजे नुसत्या काड्या.

गणपतीच्या आसपास परड्याला मान मिळतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलंच चालतं: अळू, माठ, भोपळा, दोडका, सगळं एका पातेल्यात. आणि आमच्याकडं गौरी आली की तिला शेपूची भाजी, वडी आणि भाकरी. शेपू घरचाच पाहिजे हा माझा हट्ट. शेपूला चाळीसेक दिवस लागतात आणि झोडपणारा पाऊस त्याला सोसत नाही, म्हणून मी पत्र्याच्या आडोशाला वाफा करतो. २०२२ ला गौरी सप्टेंबरच्या सुरुवातीला आल्या, शेपू अगदी मापात. पुढच्या वर्षी मी शहाण्यानं त्याच तारखेला, जुलैच्या शेवटी, बी टाकलं. अधिक श्रावण होता! गौरी आल्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तोवर माझ्या शेपूला छत्र्यांसारखी पिवळी फुलं. कपिलतीर्थ मार्केटातून जुडी आणली, पिशवीत लपवून. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो आपला न्हवं." आता बी टाकायच्या आधी कालनिर्णय उलटून बघतो.

दिवाळीनंतर मात्र परड्यात उभं राहिलं की पोट भरतं. मेथी, चाकवत, लसणाची पात, कोथिंबीर, मुळा. चाकवत मी कधीच पेरत नाही. गेल्या साली सांडलेल्या बियांतून आपला आपण उगवतो. भांगलताना फक्त ओळखून सोडायचा. ताक घालून त्याचं गरगटं आणि ज्वारीची भाकरी, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मेथीचा हिशोब मला धंद्यामुळं लवकर कळला. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो. मेथीला ही सूट किती द्यायची? टोपलीभर तोडा, कढईत मूठभर उरते. पहिल्या साली बायकोनं ती मूठ चौघांत वाढली आणि माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. तेव्हापासून दोन वाफे मेथीलाच, आठवड्याच्या अंतरानं पेरलेले.

कोथिंबिरीचे धणे चपलेनं रगडून दोन फाका करून पेरतो. बाहेरची कडची कडची पानं खुडत गेलं की एका पेरणीवर दोन-तीन खुडे होतात. रविवारी मटण असेल तर खुडा दुप्पट.

मिरची थंडीत ऐन भरात असते. इथं मला तोडायला संकोच होत नाही, कारण खर्डा. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर तेलात परतायचे, मीठ टाकायचं आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिक्सरचा खर्डा हा खर्डा नव्हे, त्याला चटणी म्हणा, पेस्ट म्हणा, काहीही म्हणा. मिरची झाडावरून तव्यात पाच मिनिटांत गेली तर वास वेगळाच सुटतो. शेजारचे खोकतात, मग वाटी घेऊन येतात.

जानेवारीत भोगी. त्या दिवशी परड्यातलं जे जे असेल ते खुडायचं: वांगं, वरण्याच्या शेंगा, गाजराऐवजी आमचा मुळा, तिळाचं कूट, बाजरीची भाकरी. त्याच सुमाराला हळदीची पानं पिवळी पडून लोळतात, मग कुदळ घालून गड्डे काढायचे. मे महिन्यात बोटाएवढा तुकडा पुरलेला असतो, आठ-नऊ महिन्यांनी ओंजळभर निघतो. ओल्या हळदीचं लोणचं आई अजून स्वतः चिरते, बोटं आठवडाभर पिवळी.

उन्हाळ्यात सांगण्यासारखं थोडंच. पाव्हण्यांच्या रानातून दोन पोती पाचट येतं, ते आळ्यांत अंथरायचं आणि संध्याकाळी पाणी. कोथिंबीर उन्हाला भिऊन फुलावर जाते. टोमॅटोचं फूल ३५ अंशाच्या पुढं गळतं. पुदिना सावलीत सरकवलेल्या कुंडीत कसाबसा तगतो. गवती चहा मात्र मस्तीत असतो, कापताना बोट कापतो तेवढंच. वळवाचा एक पाऊस पडला की चार दिवसांत कढीपत्त्याला तांबूस कोवळी पालवी, आणि सासू-सुनेचा जुना वाद पुन्हा सुरू.

एक गोष्ट मात्र आई उन्हाळ्यात चुकवू देत नाही. फुलावर गेलेल्या कोथिंबिरीचे धणे. निघतात ते जेमतेम एक वाटी. एप्रिलमध्ये वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, कांडपाला जाते, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, लसूण, कांदा, सगळं बाजारातून तोलून आणलेलं, त्यात किलोभर विकतचे धणे. वर ही एक वाटी. मी एकदा म्हटलं, एवढ्या चटणीत या वाटीनं काय फरक पडणार? तिनं उत्तर दिलं नाही, वाटी डब्यात ओतली आणि डबा माझ्या गाडीला अडकवला.

त्या जून दोडक्याला मी काल लाल दोरा बांधलाय, चुकून कुणी तोडू नये म्हणून. वेलावरच वाळू द्यायचा, आत बी खुळखुळलं की काढायचा. आईची अट, एका वेलाला एकच, दुसरा राखलास तर वेल बसेल.

आत्ता साडेसहा वाजलेत. पाऊस उघडलाय. मांडवावर दोन मादी फुलं उमलायच्या बेतात दिसतायत. आई देवापुढं दिवा लावायला आत गेली की जाऊन येतो.