डिझेल फिल्टरकडे लक्ष द्या रे
मागच्या महिन्यात माझी डिझेल गाडी चढाला लागली की दम टाकायची, सपाटीला मस्त पळायची पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके आणि पिकअप गायब, मला वाटलं इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) गेला. निघाला फिल्टर! जुना फिल्टर काचेच्या बरणीत उपडा केला तर काळपट डिझेल आलं आणि थोड्या वेळाने तळाशी पाण्याचे गोल गोल थेंब वेगळे दिसायला लागले, पोटात गोळाच आला.

कारण आताच्या कॉमन रेल (एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) इंजिनात डिझेलचं प्रेशर 1600 बार आणि त्याहूनही वर जातं, आणि पंप-इंजेक्टरला वंगण त्या डिझेलचंच, मग पाणी आत गेलं की गंज धरतो आणि पार्ट घासले जातात. टाकी बराच काळ रिकामी राहिली तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी बनते, ते डिझेलपेक्षा जड म्हणून खाली बसतं. म्हणून मी आता टाकी अर्ध्याच्या खाली जाऊच देत नाही.

फिल्टरखाली ड्रेन स्क्रू असेल तर अधूनमधून सैल करून पाणी काढा, स्वच्छ डिझेल आलं की बंद. नवीन फिल्टर बसवताना ओ-रिंगला (गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगला) डिझेलचं बोट लावा, आणि हँड प्रायमर (डिझेल भरायचा छोटा हातपंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा, नाहीतर सेल्फ मारत बसाल आणि बॅटरी उतरेल. किती किलोमीटरला बदलायचा ते मॅन्युअलमध्ये असतंच, धुळीत गाडी फिरत असेल तर त्याच्या आधीच बदला.