तुम्ही विचारलंत म्हणून: थेंब केवढा?

मी पिकावर मारायच्या औषधाच्या फवाऱ्यातले थेंब मोजतो असं सांगितलं की बहुतेकांचा प्रश्न असतो, 'कशाला?' द्राक्षबागाईतदार आणि नोझल, म्हणजे फवाऱ्याची तोटी, विकणारे मात्र कशाला ते विचारत बसत नाहीत. त्यांचं थेट असतं, "बाकी राहू द्या, थेंब केवढा पडतो ते एका आकड्यात सांगा." नाशिककडच्या पाहुण्यांनी मला हे लग्नाच्या पंगतीतही विचारलंय. एका आकड्यात सांगता येत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला येत नाही, नाहीतर हा लपवतोय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

समजा, फवाऱ्यात ५० मायक्रॉनचे हजार थेंब आहेत आणि ३०० मायक्रॉनचे फक्त दहा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता व्यासांची शाळेत शिकवतात ती सरासरी काढा. साडेबावन्नच्या आसपास येते. झाला फवारा बारीक! पण औषध किती जातंय ते व्यासावर नाही, घनफळावर ठरतं. व्यास सहापट झाला की घनफळ २१६ पट होतं. म्हणजे त्या दहा थेंबांत २,१६० छोट्या थेंबांइतकं औषध आहे. दोन तृतीयांशाहून जास्त माल दहा जणांनी नेला, उरलेला हजार जणांनी वाटून घेतला. ज्या व्यासाच्या अलीकडे निम्मं औषध आणि पलीकडे निम्मं, त्याला आम्ही व्हीएमडी (व्हॉल्यूम मीडियन डायमीटर) म्हणतो. इथे तो येतो ३००. शिवाय साउटर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२०च्या दशकात इंजिनातल्या इंधनासाठी काढलेली आणखी एक सरासरी आहे. तिच्यात घनफळाला पृष्ठभागाशी ताडून बघतात, कारण इंधनाची वाफ पृष्ठभागावरून होते. ती येते ११६.

बावन्न, एकशे सोळा, तीनशे. फवारा तोच आणि तिन्ही आकडे खरे. माहितीपत्रकावर यातला कुठला छापायचा हे विकणारा ठरवतो, आणि तो कुठला निवडेल हे सांगायला थेंब मोजायचा लेझर लागत नाही.

बागेत तर मला सरासरीपेक्षा दोन्ही टोकांची काळजी जास्त वाटते. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम पाव मीटर खाली येतो. तीन मीटरवरून सुटला तर जमिनीला टेकायला दहा-बारा सेकंद, आणि तेवढ्यात वारा त्याला शेजारच्या बागेत पोचवतो. शिवाय पाण्याच्या थेंबाचं आयुष्य व्यासाच्या वर्गाप्रमाणे ठरतं. ५० मायक्रॉनचा थेंब १०० वाल्याच्या चौथा हिस्साच टिकतो, आणि कोरड्या उन्हात तो काही सेकंदांतच संपतो. दुसऱ्या टोकाला ४०० मायक्रॉनचा थेंब. त्याच्या औषधात १०० चे ६४ थेंब झाले असते, पण तो एकटाच पानावर आदळतो आणि बऱ्याचदा घरंगळून खाली जातो. 'पान चिंब होऊन ठिबकलं म्हणजे फवारणी चांगली' असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. ठिबकलेलं औषध मातीत जातं, डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या त्या बुरशीला, त्याचं काही वाटत नाही.

आता मोजायचं कसं. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली, बर्फाच्या स्फटिकांच्या फोटोंमुळे प्रसिद्ध झालेला, परातीत मैदा पसरून पावसात धरायचा. प्रत्येक थेंबाची एक गोळी व्हायची. ती वाळवून मोजायची. १९०४ साली त्याने हे छापलं. आजचा शेतातला उपाय त्याच घराण्यातला आहे: पिवळा, पाणी लागताच निळा होणारा कागद. २६ बाय ७६ मिलिमीटरची पट्टी पानाला क्लिपने लावायची आणि ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा पंख्याच्या हवेने फवारणारा पंप, फिरवायचा. निळे ठिपके येतात. पण ठिपका म्हणजे थेंब नव्हे. थेंब कागदावर पसरतो, ठिपका साधारण दीड ते दोन पट मोठा दिसतो, आणि हे प्रमाण लहान-मोठ्या थेंबांना सारखं नसतं. फार बारीक थेंब हवेबरोबर पट्टीला वळसा घालून निघून जातात, त्यांची नोंदच होत नाही. फवारा जड झाला की ठिपके एकमेकांत मिसळतात. आणि हाताला घाम असेल किंवा पहाटेचं दव असेल तर फवारणीआधीच पट्टी निळी. पट्टी धरायची ती कडेने किंवा हातमोजे घालून.

प्रयोगशाळेत लेझर असतो. किरण फवाऱ्यातून जातो आणि थेंबांमुळे विखुरतो. थेंब जितका लहान, तितका प्रकाश जास्त कोनातून फाकतो. समोरच्या, प्रकाश टिपणाऱ्या वर्तुळाकार पट्ट्यांवर कुठे किती उजेड पडला यावरून गणित आकारांची वाटणी काढून देतं. दिसायला एकदम चोख. पण इथेच एक गोम आहे, आणि माझा अर्धा वेळ तिच्यापायी जातो. हे यंत्र एका क्षणी किरणात असलेले थेंब बघतं. कसारा घाटाचा वरून फोटो काढलात आणि तासाभरात ट्रक आणि मोटारी सारख्याच जात असल्या, तरी फोटोत ट्रकच जास्त दिसणार, कारण ते रेंगाळतात. फवाऱ्यात रेंगाळतात ते बारीक थेंब. हवेच्या अडवणुकीने त्यांचा वेग चटकन मरतो. मग यंत्र त्यांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त धरतं आणि फवारा आहे त्याहून बारीक भासतो. म्हणून मोजताना मागून हवेचा झोत सोडतात, म्हणजे सगळे थेंब जवळपास एकाच वेगाने जातात. दुसरा मार्ग फेज डॉप्लर यंत्राचा. ते एका ठिपक्याएवढ्या जागेतून जाणारा एकेक थेंब धरून त्याचा आकार आणि वेग दोन्ही सांगतं, पण मग अख्खा फवारा जागा बदलत बदलत चाळावा लागतो.

जागेचंही महत्त्व आहेच. पोकळ शंकूच्या नोझलमध्ये बारीक थेंब हवेबरोबर मध्ये ओढले जातात, जाड कडेला राहतात. किरण मध्ये धरा, एक उत्तर. कडेला धरा, दुसरं. दाब वाढवला की थेंब बारीक. नोझलमधल्या चकतीचं भोक झिजलं की जाड. टाकीत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, टाकलं की पृष्ठताण बदलतो, आणि नुसत्या पाण्यावर काढलेला आकडा तिथे तसाच्या तसा लागू पडत नाही.

जाता जाता आणखी एक. "पिवळं नोझल बारीक मारतं का?" नोझलचा रंग एका मिनिटात किती पाणी जातं ते सांगतो. थेंबांच्या बारीक-जाड वर्गांनाही तेच रंग दिलेत, पण वेगळ्या अर्थाने. हा घोळ ज्यांनी घातला त्यांना एकदा बागेत आणून उभं करायला हवं.

तेव्हा कुणी एक आकडा दिला तर एवढं विचारा: सरासरी कुठली, दाब किती, द्रव कोणता, नोझलपासून किती अंतरावर मोजलं. शिवाय ज्याच्या खाली दहा टक्के आणि ज्याच्या खाली नव्वद टक्के औषध येतं ते दोन व्यास मागून घ्या. यातलं काहीच मिळालं नाही, तर पट्ट्यांचं एक पाकीट आणा. दव वाळल्यावर काही पट्ट्या वेलीच्या बाहेर लावा, काही आत घडाजवळ आणि काही पानांच्या मागच्या बाजूला. मागच्या पट्ट्या पिवळ्याच राहिल्या, तर आधी ब्लोअरच्या हवेची दिशा आणि ट्रॅक्टरचा वेग तपासा. थेंबाच्या आकाराचं मग बघू.