टाचेची कातडी

पुण्याची थंडी कोरडी असते. डिसेंबर लागला की आईच्या टाचांना भेगा पडतात आणि ती रात्री मुठेलाची, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाची, वडी दिव्यावर धरून, वितळलेला थेंब भेगेत सोडते. परवा शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "ती मेलेली कातडी खरवडून टाका हो ताई," तेव्हा मला राहवले नाही. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या काचपट्ट्या दाखवत असताना त्या 'मेलेल्या' थरात टाकाऊ असे मला कधी काही दिसलेले नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी उभट पेशींची एकच रांग असते. तिथे जन्मलेली पेशी वरवर सरकत जाते आणि साधारण ४ आठवड्यांनी अंगावरून गळून पडते. त्या रांगेच्या वर असतो काटेरी थर. तिथल्या पेशींच्या कडेने दिसणारे बारीक काटे मुले वहीत हौसेने काढतात, पण जिवंत त्वचेत असे काटे नसतातच. नमुना तयार करताना पेशी आक्रसतात, मात्र डेस्मोसोम नावाच्या सांध्यांनी त्यांनी एकमेकींना इतके घट्ट धरलेले असते की तेवढ्या जागी त्या सुटत नाहीत, आणि ताणलेला तो भाग काट्यासारखा उरतो. अल्कोहोलमधून काढले, मेणात बसवले, पात्याने कापले, तरी ती पकड सुटत नाही. हे पाहताना मला आजही भरून येते.

पुढच्या कणमय थरात हेमॅटॉक्सिलिन या रंगाने गडद जांभळे होणारे कण जमतात. इथे पेशी स्निग्ध द्रव्य बाहेर सोडते आणि शेवटी स्वतःचे केंद्रकही मोडून टाकते. मागे राहते ते केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेले चपटे कवच. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेले अशा कवचांचे थर अंगातले पाणी उडू देत नाहीत. दंडाच्या त्वचेत कवचांचा हा थर, म्हणजे शृंगस्तर, टोपलीच्या विणीसारखा मोकळा दिसतो, तो काचपट्टी करताना स्निग्धांश धुऊन गेल्यामुळे. टाचेवर मात्र तो दाट आणि कितीतरी जाड असतो.

तळपायाला तैलग्रंथी नसतात. त्यामुळे कोरड्या हवेत हा जाड थर पाणी गमावून ताठ होतो आणि अंगाचा भार पडला की तडकतो. वरून मुठेल बसले की पाणी उडणे कमी होते, थर पुन्हा मऊ पडतो. हे सगळे मी काकूंना सांगितले. त्यांनी चप्पल काढून आपली टाच निरखून पाहिली आणि आईने वडी त्यांच्यापुढे सरकवली.