कंपासपेटीतला ॲम्प आणि तानपुऱ्याची डावी बाजू

गुरुजींच्या शिकवणीच्या माझ्याकडे २९ कॅसेटी आहेत. १९९४ पासून चार वर्षं मी दर रविवारी सांगलीहून त्यांच्याकडे मिरजेला जायची आणि साधा मोनो टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून मिळेल तेवढं टिपून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. आवाज फार बारीक आला. सॉफ्टवेअरने वाढवायला गेलं, की गुरुजींची टाळी आडवी येते. टेपरेकॉर्डर त्यांच्या हाताजवळ असायचा, त्यामुळे टाळीने वरची मर्यादा आधीच गाठलेली असते. तिच्यापुढे आवाज चढवला की टाळी फाटते, आणि ती वाचवायची तर मंद्रातली आलापी तळाशीच राहते. मला हवी असते ती नेमकी तीच.

गेल्या भाऊबीजेला धाकट्या भावाने सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन दिला. मॉडेल जुनं आहे, २००३ चं, पण माणसाचा आवाज त्यावर फार जिवंत वाटतो. अडचण एकच, त्याचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, ३०० ओहम आहे. कंपनीच्या आकड्यानुसार १ व्होल्ट दिला तर तो १०३ डेसिबल आवाज देतो. माझा फोन पुऱ्या व्हॉल्यूमवर ०.४८ व्होल्ट देतो, हे मी नंतर मोजलं. म्हणजे रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा क्षण साधारण ९६-९७ डेसिबलला पोचतो. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण तो क्षण टाळीचा असतो आणि आलापी तिच्याहून तीस-पस्तीस डेसिबल खाली असते. मग पंखा बंद करून, खिडक्या लावून ऐकायचं, आणि तरीही मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा सूर, कुठे विसावली ते कळायचं नाही.

हे सांगितल्यावर भावाने पुण्याहून एक कंपासपेटी पाठवली. शाळेतली असते तशीच, पत्र्याची. आत ९ व्होल्टची बॅटरी, ओपीए२१३४ ही एक आयसी, एक व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण, आणि दोन सॉकेट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी च्यू मॉय नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी खिशात मावणाऱ्या हेडफोन ॲम्पचं, म्हणजे हेडफोनसाठी सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचं, एक अगदी सोपं सर्किट सगळ्यांसाठी मांडलं. तिकडे लोक ते पेपरमिंटच्या डबीत बसवतात. भावाकडे कंपासपेटी होती. सोबत फोनवर निरोप होता, "ताई, आठवडाभर वापर आणि आवाज कसा वाटतो ते खरं खरं सांग. छान आहे असं नुसतं म्हणू नकोस."

पहिला आठवडा मी भारावलेलीच होते. तानपुऱ्याचा खर्ज भरून आला, गुरुजींचा श्वास ऐकू यायला लागला, स्वरांमध्ये एक गोलाई आली. वहीत मी 'आवाज उबदार, खोली जास्त, जवारी मोकळी' असं लिहूनही ठेवलं. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून येणारा गुंजारव. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि रविवारी ते पान पुन्हा वाचलं तेव्हा त्यात मोजता येईल असं काहीच सापडलं नाही. शिवाय त्या आठवड्यात मी ॲम्पवर एकदाही फोनइतक्याच आवाजात ऐकलं नव्हतं. प्रत्येक वेळी वाढवूनच ऐकलं होतं. आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज जास्त भरलेला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय, आणि मी दरवर्षी वर्गात सांगते. म्हणजे वहीतली ती उब ॲम्पची की नुसत्या वाढलेल्या आवाजाची, हे मला सांगता येत नव्हतं. भावाने खरं खरं सांग म्हटलं होतं, तेव्हा ते पान त्याला पाठवणं बरोबर नव्हतं.

मग रीतसर ताडून बघायचं ठरवलं. फोन थेट आणि फोन ॲम्पमधून, दोन्हीकडे आवाज तंतोतंत सारखा ठेवायचा, आणि आत्ता कोणतं चालू आहे ते मला माहीत नसताना ओळखायचं.

आवाज सारखा करण्यातच दोन दिवस गेले. कानाने हे होत नाही. अर्ध्या डेसिबलचा फरक जास्त आवाज म्हणून जाणवत नाही, तो 'जास्त स्पष्ट' म्हणून जाणवतो, आणि तिथेच माणूस फसतो. फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे व्होल्टेज साधारण एका टक्क्यापर्यंत जुळायला हवं. घरातला मल्टिमीटर काढला तर त्यावर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची. अर्धा व्होल्ट त्यावर ००.५ दिसतो, पुढचा आकडाच नाही. म्हणून प्राचार्यांना विचारून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला २ व्होल्टच्या रेंजचा मीटर आणला. दुसरी गोष्ट, असे मीटर ५० हर्ट्झच्या आसपासचं मोजायला केलेले असतात आणि १००० हर्ट्झला त्यांचा आकडा घसरू शकतो. म्हणून मी २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवला. तिसरी गोष्ट, मोजताना हेडफोन जोडलेलाच ठेवायचा. मोकळ्या सॉकेटवर मोजलेलं व्होल्टेज आणि हेडफोनचा भार आल्यावरचं व्होल्टेज एकच असेल असं नाही. बाजारातून दोन तोंडांची वायर आणली, एका तोंडाला हेडफोन आणि दुसऱ्याला मीटरच्या पिना.

फोन पुऱ्या व्हॉल्यूमवर, ०.४८० व्होल्ट. ॲम्पचा पॉट केसाएवढा सरकवत सरकवत तोच आकडा आणला. पॉट जवळजवळ तळालाच होता. तेव्हा ते खटकायला हवं होतं.

ऐकायला काय लावायचं याचा विचार केला. कॅसेटींची खरखर इतकी आहे की बारीक फरक तिच्यात बुडून जातील. घरात मिरजेत केलेला माझा तानपुरा आहे. गुरुजींनीच पसंत करून दिलेला. तो मी बंद खोलीत चांगल्या रेकॉर्डरवर मोनोमध्ये दहा मिनिटं टिपून घेतला. तानपुरा यासाठी फार उपयोगी आहे. जवारी नीट लागलेली असेल तर एका तारेतून खालपासून वरपर्यंत स्वरांशांची अख्खी माळ निघते, आवाज मध्येच थांबत नाही, आणि शब्द किंवा भावना यांत मन अडकत नाही. आणि मूळ वाद्य शेजारच्या खोलीतच होतं. मनात शंका आली की उठून खरी तार छेडायची.

नवऱ्याने एक छोटा टॉगल स्विच जोडून दिला, एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला ॲम्प. मुलगी माझ्या पाठीमागे बसली. ती रुपया उडवायची, छापा आला तर फोन, काटा आला तर ॲम्प, आणि मला न सांगता वहीत लिहायची. स्विचच्या आवाजावरून कळू नये म्हणून प्रत्येक वेळी ती तो पाच-सहा वेळा भराभर खटखट करायची आणि मग ठरलेल्या बाजूला ठेवायची. सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून बारा ही रेघ धरली.

सोळापैकी पंधरा बरोबर आले.

मुलगी टाळ्या वाजवत होती. मलाही खूप आनंद झाला, कारण अंदाजाने असं साधारण चार हजारांत एकदा घडतं. म्हणजे फरक खरा होता. पण तो कशावरून ओळखला, असं तिने विचारलं आणि मी उत्तर देता देता थांबले. मी उबेवरून ओळखलं नव्हतं, जवारीवरूनही नाही. ॲम्प लागला की तानपुरा डोक्याच्या मधोमध न राहता किंचित डाव्या कानाकडे सरकत होता. प्रत्येक वेळी मी नकळत तेवढंच बघत होते.

पुन्हा मीटर लावला. डावीकडे ०.४८०. उजवीकडे ०.४००. दीड डेसिबलपेक्षा जास्त फरक! जुळवताना मी फक्त डावी बाजू मोजली होती आणि दोन्ही सारख्याच असणार असं गृहीत धरलं होतं.

रात्रीच भावाला फोन केला. आकडे ऐकून तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "ताई, गेन अकरा ठेवलाय मी." तिथे सगळा उलगडा झाला. ते सर्किट आलेला सिग्नल अकरा पट करतं. माझ्या फोनच्या ०.४८ चे त्याने पाचाहून जास्त व्होल्ट केले असते, आणि ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर ती आयसी जेमतेम दोन व्होल्टपर्यंत स्वच्छ देते. म्हणून पॉट वर नेला की तान फाटायची, आणि कामाचा आवाज सगळा पॉटच्या तळच्या कोपऱ्यात कोंबलेला. स्टिरिओ पॉटमध्ये एका दांड्यावर दोन पट्ट्या असतात, आणि स्वस्त पॉटच्या दोन पट्ट्या तळाला कधीच सारख्या नसतात. मध्यापासून पुढे त्या बऱ्यापैकी जुळतात. आयसी बदल, कपॅसिटर बदल, असं काही बोललो असतो तर दोघांचेही पैसे आणि महिने गेले असते, आणि तानपुरा डावीकडेच राहिला असता.

शनिवारी तो स्वतः सोल्डरिंग गन घेऊन आला. गेन दोन रेझिस्टरच्या गुणोत्तरावर ठरतो, एक १० किलोओहमचा आणि दुसरा १ किलोओहमचा. त्याने दोन्ही बाजूंचे १ किलोओहमचे काढून ४.७ किलोओहमचे लावले. अकराचा गेन तीनवर आला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वीस मिनिटांचं काम आणि चार आण्याची वस्तू. आता फोनइतका आवाज मिळवायला पॉट चांगला वरपर्यंत फिरवावा लागत होता. मोजलं, डावीकडे ०.४८० आणि उजवीकडे ०.४७७.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोळा वेळा. या वेळी मला फार कष्ट पडले. डोळे मिटून जवारीच्या टोकाकडे लक्ष दिलं, खर्जाच्या तारेची सुरुवात ऐकली, तिचं विरणं ऐकलं. नऊ बरोबर, सात चूक. रुपयानेही इतपत सांगितलं असतं.

भाऊ थोडा हिरमुसला. मी मात्र त्याला सांगितलं आणि मनापासून सांगितलं, की ॲम्पबद्दल यापेक्षा चांगलं काही बोलता येणार नाही. फोनमधून आलं त्यात त्याने काही मिसळलं नाही, काही काढलं नाही, तानपुरा जिथला तिथे ठेवला. आणि आता त्याच्याकडे फोनपेक्षा दहा डेसिबल जास्त जागा आहे, तीही न फाटता. माझी गरज तेवढीच होती.

राहिलेल्या गोष्टी पटापट तपासल्या. काही न वाजवता पॉट पूर्ण वर नेऊन ऐकलं. एचडी ६५० वर पूर्ण शांतता, फोनसोबतच्या कानात घालायच्या छोट्या इअरफोनवर अगदी बारीक सुस्कारा. त्या इअरफोनवर ॲम्प मोठ्याने लावला तर डग्ग्याची घुमक चेपल्यासारखी येते, कारण एवढ्या कमी ओहमला लागणारा करंट ती एकटी आयसी देऊ शकत नाही. त्यांना ॲम्पची गरजही नाही. झाकण उघडं ठेवून जवळ जुना बटणांचा फोन वाजवला तर टिड्-टिड्-टिड् अशी गुरगुर येते. झाकण लावलं की बंद. पत्र्याची पेटी निवडली ते बरंच झालं. बॅटरी उतरत आली की आधी टाळी फाटते, आलापीला बराच वेळ धक्का लागत नाही, तेव्हा टाळीकडे लक्ष ठेवलं की बॅटरी कधी बदलायची ते कळतं.

वहीतलं पहिलं पान मी फाडलं नाही. त्याच्यासमोरच्या पानावर आता व्होल्टेजचे आकडे आहेत आणि मुलीच्या अक्षरात दोन वेळच्या सोळा-सोळा खुणा.

त्या रात्री ११ नंबरची कॅसेट लावली, भूपाची. पंखा चालू होता, बाहेर पाऊस होता. फोनवर ऐकताना एका जागी मला नेहमी वाटायचं की गुरुजी गंधारावर थांबून पुढे जातात. ॲम्पवर आवाज वाढवून ऐकलं तेव्हा कळलं की ते थांबतच नाहीत, गंधारावरून रिषभाला हलकेच स्पर्श करून मग षड्जावर येतात, इतक्या हळू आवाजात की मी त्यांच्यासमोर बसलेली असतानाही तो मला सुटला असावा. कारण त्याच टेपवर, त्यांच्या मागून, माझा तेव्हाचा आवाज येतो. त्यात तो रिषभ नाही. आणि लगेच गुरुजी म्हणतात, "परत म्हण."

मी हेडफोन काढला, तानपुरा खोलीतून आणला आणि परत म्हटलं.