स्विफ्टचा पिकअप: चौथ्या महिन्याची नोंद

परवाच्या रविवारी भांडुपला आठ रन मारले. शून्य ते साठ किमी वेग गाठायला सरासरी ५.४ सेकंद. नोव्हेंबरात हाच आकडा ६.१ होता. गाडी तीच, २०१८ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, मॅन्युअल. इंजिनाला हात लावलेला नाही, रिमॅपही (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) नाही.

साठपर्यंतच का मोजतो, ते आधी सांगतो. पहिला गिअर पन्नासच्या आतच संपतो, म्हणजे गिअर एकदाच बदलावा लागतो आणि पन्नासेक मीटरमध्ये काम होतं. मामेभावाच्या बंद कारखान्याच्या आवारात काँक्रीटचा सरळ रस्ता आहे, त्यावर हे निवांत बसतं. ईस्टर्न एक्स्प्रेसवर पहाटे चारला जाऊन करायचा हा उद्योग नाही. तिथे दुसऱ्याचा जीव जातो. वेळ जीपीएस बॉक्सवर घेतो, तो सेकंदाला दहा वेळा वाचतो. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच वाचतो, आणि तेवढ्यात गाडीने दहा किलोमीटरचा वेग वाढवलेला असतो. प्रत्येक रन दोन्ही दिशांनी, आणि सरासरी धरायची. सगळ्यात चांगला आकडा धरला तर आपण स्वतःलाच फसवतो.

सगळ्यात आधी मागच्या वर्षी एका दुकानात गळ्यात मारलेला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) काढला. 'पिकअप डबल' असं सांगून विकला होता. आवाज मस्त यायचा, पण ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून सायनच्या सिग्नलला उभा राहिलो तर बाहेर ३३ अंश आणि इंजिनात जाणारी हवा ५८! उघडा फिल्टर बोनटखालची तापलेली हवा ओढत होता. ३३ वरून ५८ म्हणजे हवेची घनता साडेसात टक्क्यांनी कमी, तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. कंपनीचा डबा पुढच्या जाळीमागून थंड हवा घेतो. तो परत बसवला, नवा कागदी फिल्टर टाकला. सरासरी ५.९ वर आली.

मग चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली. मागचं डावं अडकत होतं. पावसाळ्यात ड्रम गंजला होता, साफ केल्यावर मोकळं झालं. हे काम मुंबईतल्या प्रत्येकाने दिवाळीआधी करावं. डिकीतून स्टेपनी, जॅक, क्रिकेटचं किट, पाण्याचा कॅन असं ३५ किलो उतरवलं. टाकी ३७ लिटरची, लिटरला पाऊण किलो. पाव टाकीवर आणखी वीसेक किलो वाचतं. डिकीतलं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं, म्हणून ते पुढची चाकं वर उचलतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते दुहेरी नुकसान. ५.७. (घरी निघताना स्टेपनी परत टाकतोच.)

उरलेला सगळा फरक पायाचा.

गाडी सुटताना वजन मागे जातं. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिलिमीटर. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला तर जोरात सुटताना पुढच्या चाकांवरून पाऊणशे किलो तरी कमी होतात, आणि नेमकी तीच चाकं गाडी ओढणारी. ३,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) क्लच सोडला की एकच चाक मोकळं फिरतं, काँक्रीटवर एकच काळी रेघ उमटते. १,५०० ला सोडला तर इंजिन दबतं आणि पुन्हा वर यायला वेळ खातं. मला २,६०० मानवलं. टायरला सगळ्यात जास्त पकड किंचित घसरताना मिळते, म्हणून 'चिक' असा छोटा आवाज आला की समजायचं जमलं. लांब किंचाळला तर वेळ गेला.

तरीही आकडे ५.५ ते ५.९ असे उड्या मारत होते. मामेभाऊ शेजारच्या सीटवर बसला होता. तो म्हणाला, "अरे, पाय हवेत कशाला धरतोस? टाच टेकव."

टाच मॅटवर टेकवून फक्त पंजाने क्लच सोडायला लागलो. पकडीच्या जागेवर क्षणभर थांबायचं, गाडीचं नाक उचललं गेलं की बाकीचा क्लच सोडत उजवा पाय पूर्ण दाबायचा. पाय हवेत असताना मांडी थरथरते आणि ती जागा दर वेळी निसटते. टाच टेकल्यावर आठही रन ५.३ ते ५.५ मध्ये आले. दोन रनमध्ये पाच मिनिटं गाडी हळू फिरवतो, क्लच थंड होतो. वास आला की त्या दिवसाचं काम बंद.

टायरमधली हवा दरवाज्याच्या खांबावर लिहिलेली तेवढीच आहे. कमी करून पाहिली नाही, कारण याच टायरवर घरी यायचं असतं.

पुढच्या रविवारी नवे स्पार्क प्लग. त्याआधी जुन्या प्लगवर आणखी आठ रन मारणार, तापमान लिहून, म्हणजे तुलना खरी होईल.