उमेओची थंडी, फ्रिज आणि लिस्टेरिया

स्वीडनमध्ये बाई गरोदर राहिली की तिला काय खायचं नाही त्याची एक यादी मिळते, इथल्या सरकारी अन्न खात्याची. त्यात ब्रीसारखं मऊ चीज असतं (दूध पाश्चराइज्ड असलं तरी नको म्हणतात), आणि ग्रावाद लाक्स असतो, म्हणजे मीठ, साखर आणि शेपू लावून मुरवलेला कच्चा सॅल्मन, शिवाय थंड धुरी दिलेला मासा. आता हा मासा म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण, ख्रिसमस असो नाहीतर मिडसमर, टेबलावर असणारच. माझ्या ताईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण तो फ्रिजमध्येच ठेवलेला असतो ना, मग काय होतंय?" हा प्रश्न आईनेही विचारलाय, मैत्रिणींनीही विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

मी उमेओला असते, स्वीडनच्या उत्तरेला. डिसेंबरात इथे जेमतेम चार-साडेचार तास उजेड असतो आणि नदी गोठते. काम आहे लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या जंतूवर, आणि जंतूंच्या अभ्यासासाठी हे गाव खरंच मोठं आहे बरं का, क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्रासाठी २०२० चं नोबेल मिळालेल्या इमान्युएल शार्पॉन्तिये यांनी त्यातलं कळीचं काम इथे असतानाच केलं होतं.

तर लिस्टेरिया, त्या यादीमागचा जंतू हाच. बाकीचे बहुतेक रोगजंतू चार अंशाला गप्प बसतात, मरत नाहीत पण वाढतही नाहीत. हा वाढतो. हळू वाढतो, पण वाढतो, शून्याच्या आसपाससुद्धा. थंडीत कुठल्याही जिवाणूच्या अंगावरचं पातळ आवरण कडक व्हायला लागतं, हा त्यातली चरबी बदलून टाकतो म्हणजे ते लवचिक राहतं, आणि बाहेरच्या अन्नातून बीटेन, कार्निटीन असले छोटे रेणू आत ओढून साठवतो. हेच बीटेन त्याला खारटपणातही उपयोगी पडतं, त्यामुळे मिठात मुरवलेला मासा फ्रिजमध्ये ठेवला की बाकीच्यांची वाढ थांबते आणि मैदान याला मोकळं मिळतं. १९४८ मध्ये तर संशोधकांनी आजारी गुरांच्या मेंदूचे नमुने मुद्दाम काही महिने फ्रिजमध्ये ठेवून हा जंतू शोधायची पद्धत काढली होती, कारण ताज्या नमुन्यात तो सापडायचाच नाही आणि थंडीत ठेवला की संख्या वाढून हाताला लागायचा.

हा अन्नातून माणसात येतो हे पक्कं कळलं ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, १९८१ मध्ये. तिथे लोक आजारी पडले, त्यात बऱ्याचशा गरोदर बायका आणि नवजात बाळं होती, आणि माग काढत गेल्यावर सापडलं कोबीचं सॅलड. ज्या शेतातला कोबी होता तिथे मेंढ्यांचं खत घातलेलं, त्या कळपातल्या काही मेंढ्या लिस्टेरियाने मेलेल्या, आणि कोबी काढून हिवाळाभर थंड कोठारात ठेवलेला! शेतातून आले असतील थोडेसेच, पण कोबी टिकावा म्हणून जी थंडी दिली तिनेच त्यांना वाढायला वेळ दिला. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार सॉसेजमधून जी साथ आली ती जगातली सगळ्यात मोठी, हजारावर रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू.

पण नुसतं टिकून राहणं वेगळं आणि रोग करणं वेगळं. हा जंतू मुळात मातीतला, सडलेल्या पानांवर जगणारा, तिथे त्याला माणसाच्या पेशीत शिरायची हत्यारं बनवून काही फायदा नाही, उलट ताकद वाया जाते. मग आता आपण माणसाच्या पोटात आलोय हे त्याला कळतं कसं? मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा प्रश्न हाच आहे.

एक उत्तर म्हणजे तापमान. रोगाची बहुतेक हत्यारं प्रफ-ए नावाच्या एका प्रोटीनच्या ताब्यात असतात, ते बनलं की बाकीची बनतात. या प्रफ-एचा निरोप घेऊन येणारा जो आरएनए असतो त्याचं सुरुवातीचं टोक तीस अंशाच्या खाली स्वतःवरच दुमडलेलं असतं, आणि जिथून वाचायला सुरुवात करायची ती जागा नेमकी त्या घडीत झाकली जाते, म्हणजे निरोप तयार आहे पण वाचता येत नाही. ३७ अंशाला, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, ती घडी उसवते आणि वाचन सुरू होतं. बस, वेगळा कुठला सेन्सर नाही, तो आरएनएच थर्मामीटर! हे २००२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये योर्गेन योहान्सन, पास्काल कोसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि योहान्सन पुढे इथे उमेओला आले. त्यांनी ते टोक हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनच्या जीनला जोडून ई. कोलाय या दुसऱ्याच जंतूत टाकलं, ज्याचा लिस्टेरियाशी काही संबंध नाही, तर तो ई. कोलायसुद्धा थंडीत फिका आणि ३७ ला हिरवा. इतका साधा आणि इतका स्वच्छ प्रयोग मी फार कमी पाहिलाय.

तापमानाचा फरक लॅबमध्ये नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. काचेच्या नळीत पातळ आगार (जंतू वाढवायची जेली) घ्यायचं, सुईने मधोमध लिस्टेरिया टोचायचा आणि नळी साध्या खोलीत ठेवायची. एक-दोन दिवसांत टोचलेल्या रेघेपासून, वरच्या पृष्ठभागाच्या जरा खाली, पांढुरकी छत्री उघडल्यासारखी वाढ पसरते, कारण या तापमानाला त्याला शेपट्या असतात आणि तो पोहतो. तशीच दुसरी नळी ३७ ला ठेवली तर छत्री नाही, फक्त रेघ. अंगात शिरल्यावर शेपट्या बनवणं बंद, कारण शेपटी दिसली की आपली प्रतिकारशक्ती लगेच ओळखते. नवीन विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा या दोन नळ्याच शेजारी शेजारी धरून दाखवते.

दुसरं उत्तर म्हणजे त्रास. जठरात ॲसिड, पुढे पित्त, त्यात मीठ, यातलं काहीही जंतूला मारायला पुरेसं आहे. पण लिस्टेरियाला आधी सौम्य ॲसिडमध्ये, म्हणजे पीएच ५.५ ला, तासभर ठेवलं तर नंतर तो पीएच ३.५ लाही बराच तग धरतो, थेट ३.५ मध्ये टाकला तर एवढा टिकत नाही. ताण आला की सिग्मा-बी नावाचं प्रोटीन जागं होतं आणि कुठले जीन वाचायचे ते बदलतं, ॲसिड झेलायची यंत्रणा सुरू होते, पित्त मोडायची सुरू होते, आणि त्याच यादीत इंटर्नलिन-ए पण आहे, जे आतड्याच्या पेशींना चिकटून आत शिरायला लागतं. म्हणजे जीव वाचवायची तयारी आणि हल्ल्याची तयारी एकाच हुकमातून निघते, पोटातला त्रास हाच त्याला पत्ता सांगतो की आतडं आलं आता. अर्धवट मारलेला जंतू कमजोर झाला असं आपण धरून चालतो ना, ते लिस्टेरियाच्या बाबतीत मला फार धोक्याचं वाटतं.

पुढचं थोडक्यात सांगते. पेशीने त्याला गिळून पिशवीत बंद केलं की पिशवी आम्ल होते, आणि नेमक्या त्याच आम्लात त्याचं लिस्टेरिओलायसिन-ओ नावाचं प्रोटीन जोरात काम करून पिशवी फोडतं. बाहेर आला की पेशीचंच ॲक्टिन (पेशीचा सांगाडा बनवणारं प्रोटीन) वापरून मागे धूमकेतूसारखी शेपूट बनवतो आणि तिच्या रेट्याने शेजारच्या पेशीत घुसतो, रक्तातल्या अँटीबॉडीजशी गाठ न पडता. असाच तो वारेतून बाळापर्यंत जातो आणि मेंदूपर्यंतही. आजार अंगात पसरला तर उपचार करूनही शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावतात, म्हणून आजार दुर्मिळ असला तरी मी तो हलक्यात घ्यायला तयार नाही.

आमच्या युनिव्हर्सिटीत या प्रफ-एला जखडून ठेवणारे छोटे रेणू बनवलेत, २०१६ मध्ये त्याचा पेपर आला. त्याने जंतू मरत नाही, फक्त हत्यारं बनत नाहीत, मग त्याचं काय करायचं ते शरीर बघून घेतं. औषध व्हायला अजून खूप वेळ आहे, पण मारायचं नाही, निःशस्त्र करायचं, हा विचार मला मनापासून पटतो. जिवावर बेतलं की जंतू रेझिस्टन्स शोधतातच, इथे तो दबाव कमी राहील अशी आशा आहे.

आता ताईच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे दूध उकळतो, भाजी-आमटी शिजवतो, तिथे लिस्टेरिया टिकत नाही, त्यामुळे शिजवलेलं गरमागरम खाणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. लक्ष द्यायचं ते फ्रिजमधून काढून थेट तोंडात जाणाऱ्या गोष्टींकडे: पाकिटातली सलामी-सॉसेज, मऊ चीज, कापून ठेवलेली फळं, सॅलडवर घातलेलं कच्चं पनीर. उरलेलं अन्न नुसतं कोमट करायचं नाही, मधोमध वाफ येईपर्यंत तापवायचं, आणि घरात कुणी गरोदर असेल, साठीच्या पुढचं असेल किंवा केमो चालू असेल तर त्यांना असल्या गोष्टी गरम न करता देऊच नका. गरोदरपणात आईला नुसता फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी होते, ती चार दिवसांत बरीही होते आणि धोका बाळाला असतो, म्हणून असा ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं होतं ते सांगा. कालचं-परवाचं नुसतं नाही, मागच्या दोन महिन्यांतलं आठवून सांगा, कारण लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. आणि डॉक्टरांच्या मनात लिस्टेरियाची शंका यायलाच हवी, कारण त्यावर अँपिसिलिन चालतं, पण नेहमीची सेफालोस्पोरिन गटातली औषधं चालत नाहीत.